व्हूव्रेची जुनी बाटली आणि मे महिना

फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं व्हूव्रे हे पांढऱ्या वाईनचं गाव, तिथली १९२८ पासूनची दोमेन ह्युए ही वायनरी आणि शेनिन ब्लाँ हे एकच द्राक्ष. या वाईनच्या बाटल्यांबद्दल वाचकांची पत्रं निरनिराळी, गोंधळ तोच. म्हणून एकदाच उत्तरं.

प्रश्न: तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसतात. फेकून द्यावी का?

नाही. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. बाटली दिवसभर उभी ठेवा, मग हलक्या हाताने ओता.

प्रश्न: लेबलवरच्या ‘सेक’, ‘दमी-सेक’, ‘म्वालो’ यांपैकी मधुमेह्याने कोणती घ्यावी?

सेक कोरडी, दमी-सेक बेताची गोड, म्वालो चांगलीच गोड. शेनिनच्या आंबटपणामुळे दमी-सेक असते त्यापेक्षा कमी गोड लागते, तेव्हा जिभेवर विसंबू नका. घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नव्हे.

प्रश्न: ‘ल मों’ या ह्युएच्या मळ्याची २०१५ची बाटली दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. आणखी दहा वर्षांनी मुलीच्या लग्नात उघडू का?

आधी ती फळीवरून उतरवा, आजच. ‘जुनी तितकी चांगली’ हे ऐकीव वाक्य बाटल्यांचा घात करतं. वर्षं मोजू नका, उन्हाळे मोजा. ह्युएच्या १९४७ च्या बाटल्यांचं आजही नाव निघतं, पण व्हूव्रेची तळघरं तुफो नावाच्या मऊ चुनखडीत कोरलेली असतात आणि आत बारा महिने गारवा असतो. तुमच्या ओट्याशेजारी मे महिन्यात पारा ३५च्या वर. उष्णतेने वाईन फुगते, बूच वर ढकलते. गार झाली की आकसते आणि हवा आत ओढते. वेष्टनाखाली चिकट ओघळ आहे का, बूच काठाच्या वर आलंय का, पातळी उतरलीय का, बघा. ठेवायचीच तर वाईन फ्रिजमध्ये १२ ते १४ अंशांवर, आडवी. घरचा फ्रिज काही आठवडे चालेल. वर्षानुवर्षं नाही, तिथल्या कोरड्या हवेत बूच सुकतं. तासभर वीज गेल्याने बिघडत नाही, गावी जाताना मेन स्विच बंद केल्याने बिघडतं. दोन उन्हाळे सोसलेल्या या बाटलीवर मी लग्नाची भिस्त ठेवणार नाही. जाणकाराला दाखवा आणि लवकर उघडा.

प्रश्न: नाशिकची शेनिन ब्लाँ अशीच मुरवता येईल?

बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. नाशिकची काढणी जानेवारी ते मार्च, ऊन चढताना, आणि ऊन चढलं की द्राक्षातलं आम्ल झपाट्याने उतरतं. व्हूव्रेत शरदाच्या गारव्यात फेऱ्याफेऱ्यांनी वेचणी होते, आम्ल टिकून राहतं. वाईन मुरते ती त्याच्याच जोरावर.

प्रश्न: किती गार प्यावी?

सेक १० ते १२ अंश. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं थांबा. बर्फ नको.

प्रश्न: १९८९ची म्वालो निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊ?

इतकी वर्षं ती कुठे होती? याचं कागदोपत्री उत्तर, बुचाचा आणि पातळीचा फोटो मागा. ‘गुंतवणूक समजा, आजच शेवटचा दिवस’ असं ऐकू आलं तर फोन ठेवा.