सोनकी घरी कुंडीत लावता येते का? बी कुठे मिळेल?

प्रश्नासोबत तुम्ही जो फोटो जोडलाय, ती सोनकी, म्हणजे पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणारं ते पिवळं रानफूल, नाहीच. तो पिवळा कॉसमॉस आहे, मूळचा मेक्सिकोकडचा. पान बघा, झेंडूसारखं चिरलेलं आहे. सोनकीचं पान सलग, कडेला दाते असलेलं. कॉसमॉस कमरेला लागतो, सोनकी गुडघ्याच्या वर फारशी जात नाही.

इथंच थांबले असते, पण हाच वाद आमच्या घरी बारा वर्षं चाललाय. आता ऐकाच.

माझं माहेर साताऱ्याचं. लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात, गौरी-गणपती झाल्यावर, सासरच्या सगळ्यांना हौसेनं कासला नेलं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, पण आम्हाला तीन तास लागले. रस्त्याकडेला पिवळं दिसलं रे दिसलं की धाकटे दीर गाडी थांबवायचे. "वहिनी, ही बघा तुमची सोनकी!" दोनदा कॉसमॉस निघाला. तिसऱ्यांदा तर कुणाचं तरी कारळ्याचं शेत. म्हटलं, "अहो भाऊजी, ह्याची चटणी खाता तुम्ही रोज." तर म्हणे, पिवळं ते पिवळं!

वर सड्यावर, म्हणजे कासच्या त्या कातळी पठारावर, पोचलो तेव्हा धुकं होतं. ते जरा हललं आणि खाली जांभ्यावर सगळी सोनकीच सोनकी. भाऊजीसुद्धा दोन मिनिटं गप्प होते, हे मी मुद्दाम नोंदवते.

मग मी मूर्खपणा केला. परतताना रस्त्यालगतच्या दरडीवरून दोन रोपं मातीसकट उपटली आणि बिस्किटाच्या डब्यात घालून पुण्याला आणली. ह्यांनी नको म्हटलं होतं. पूर्वेच्या खिडकीत ठेवली, पंधरा दिवस फुलली आणि ऑक्टोबर हीट सुरू होताच माना टाकल्या. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, हे म्हणाले पाणी जास्त झालं. भाऊजींनी चारचौघांत ऐकवलं, "साताऱ्याची वहिनी पुण्यात टिकली, सोनकी नाही टिकली."

फार नंतर कळलं की ती वर्षायूच असते. पावसात उगवायचं, श्रावण-भाद्रपदात फुलायचं, बी झालं की वाळून जायचं. म्हणजे ती तिच्या वेळेलाच गेली होती, माझ्या हातून नाही. (चोरी मात्र माझीच. कासचं पठार राखीव वनात आहे, तिथून काही उपटणं गुन्हा आहे. करू नका.)

तिचं बीही उडतं, आपण ज्याला म्हातारी म्हणतो तसं. शास्त्रीय नाव सेनेसियो बॉम्बेयेन्सिस. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा, त्या पांढऱ्या केसांवरूनच. थोडक्यात मुंबईची म्हातारी! म्हातारीचा बूट मुंबईत हँगिंग गार्डनसमोर, आणि म्हातारी सह्याद्रीत.

बरं, कुंडी. बाल्कनीत माझ्या मते नाही. तिला कातळावरची बोटभर माती, महिनोन्‌महिने झिमझिम आणि धुकं लागतं. फ्लॅटमध्ये ते कुठून आणणार? बी दुकानात मी तरी पाहिलेलं नाही, आणि कुणी पाकीट दिलंच तर आत कॉसमॉस नाही ना, बघून घ्या. त्याचं बी काळं, सुईसारखं असतं.

हे एवढ्यासाठी सांगते की भाऊजी आता त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि दर जूनमध्ये टेकडीवर बीजगोळे टाकतात. आत काय, तर कॉसमॉस. मी भांडले, तर म्हणाले, "वहिनी, तुमचं उगवत नाही, माझं कसं भसाभस उगवतं बघा." अहो, भसाभस उगवतं हीच तर तक्रार आहे! मेक्सिकोतून आलेला पाहुणा टेकडीभर पसरला, तर तिथल्या तेरड्यानं, कवल्यानं जायचं कुठे?

एक राहिलं. सोनकी दुर्मीळ वगैरे नाही. ती फक्त आपल्या ह्या डोंगररांगांतली, पण तिथं भरपूर, हरिश्चंद्रगडापासून महाबळेश्वरापर्यंत. तुमची घाटमाथ्यावर स्वतःची जमीन असेल तर लावायची गरजही पडणार नाही. गुरं नि तणनाशक लांब ठेवा, आपोआप येईल.

भाऊजी अजून दर सप्टेंबरला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, "वहिनी, ही तरी?" म्हणून. गेल्या वर्षी पुरंदरवरून आलेला खरंच सोनकीचा होता. मी अजून उत्तर दिलेलं नाही.