लॉन की कार्यालय? आधी ताटांचा आकडा सांगा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 56, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी, गावाकडं दीड एकर ऊस. मुलगी पुण्यात नोकरी करते, स्थळ सांगलीचं ठरलंय, याद्या अजून व्हायच्या आहेत, लग्न मे महिन्यात. मुलीला हायवेवरचं लॉन हवंय, घरच्यांचं मत शहरातल्या मंगल कार्यालयाच्या बाजूनं. लग्नासाठी ठेवलेली 5 लाखांची एफडी एप्रिलमध्ये सुटते. कमी पडतील ते 3 लाख पतसंस्थेतून घ्यायचे आणि उसाच्या बिलातून फेडायचे, असा बेत आहे. "लॉन घेतलं तर झेपेल का?" एवढाच प्रश्न.

दादा, तुम्ही दोन्हीकडचे कोटेशनचे कागद पाठवलेत हे फार बरं केलंत. लोक नुसतं भाडं सांगतात, आणि नुसत्या भाड्यावरून काही कळत नाही.

लॉनचं भाडं 2,25,000. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 2,65,500. डेकोरेशन त्यांचंच घ्यायची सक्ती, 1,75,000. जेवण त्यांच्याच केटररचं, कर धरून 450 रुपये ताट आणि कमीत कमी 800 ताटांची हमी, म्हणजे 3,60,000. एकूण 8,00,500.

कार्यालयाचं भाडं भांड्यांसकट 70,000, लाईट-सफाई 15,000, डेकोरेशन बाहेरून 60,000. आचारी तुमचा, किराणा लक्ष्मीपुरीतून, भाजी शाहू मार्केट यार्डातून. मजुरी धरून ताट 280 च्या आसपास पडेल असा तुमचा अंदाज आहे आणि तो मला पटतो. 800 ताटांचे 2,24,000. एकूण 3,69,000.

फरक सव्वाचार लाखांच्या वर. पण मला खटकली ती "कमीत कमी 800 ताटांची हमी" ही ओळ. तुमच्याच पत्रात आहे की त्या दिवशी मोठी तीथ आहे आणि भावकीतच आणखी दोन लग्नं आहेत. समजा 620 माणसं जेवली. कार्यालयात तुमचा फार तर वाढीव किराणा उरेल, गूळ-तांदूळ घरी परत येईल. लॉनवर न जेवलेल्या 180 ताटांचे 81,000 रुपये मोजूनच तुम्ही गाडीत बसणार. हमी 550 वर आणा आणि वरच्या ताटांना तोच दर लावा, असं त्यांना सांगून बघा. नाही म्हणाले तर त्यांचा धंदा कशावर चालतो ते कळलं. कुठंही केलंत तरी ताटं मोजायला घरचा एक माणूस बसवा. सुरुवातीला शंभर-शंभरच्या चळती मोजून घ्यायच्या, शेवटी कोरी राहिलेली मोजायची. हे काम जावयाला देऊ नका, तो फोटोत अडकतो. शेजारच्या एखाद्या निवृत्त मास्तरांना द्या.

आता कर्ज. 3 लाख, 12 टक्के, 3 वर्षं धरली तर हप्ता साधारण 9,964 रुपये, एकूण व्याज 58,700 च्या घरात. एवढं व्याज कुणीही सोसेल. पण तुमची निवृत्ती जवळ आलीय, लग्नानंतर पगार जेमतेम 20 महिने चालू राहणार आणि हप्ते आहेत 36. म्हणजे 16 हप्ते पगार बंद झाल्यावरचे, सुमारे 1,59,000 रुपये. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन 15,000 च्या वेतनमर्यादेवर निघते. वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर पुरी 35 वर्षं नोकरी झालेल्याला महिना 7,500 बसतात, तुम्हाला त्याहून कमीच. पेन्शनपेक्षा हप्ता मोठा असं कर्ज मी कुणालाच घ्या म्हणणार नाही, लग्नाला तर नाहीच.

"उसाचं बिल आलं की फेडू" हे वाक्य मी या जिल्ह्यात इतक्यांदा ऐकलंय की त्याचा हिशेब तोंडपाठ झालाय. बिलातून आधी विकास सेवा संस्थेचं पीककर्ज वळतं होतं, राहील ते तुमच्या हातात. आपल्याकडं 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर शून्य टक्क्यानं पडतं. ती सवलत फुकटात घालवून लॉनचा हप्ता भरायचा, किंवा संस्थेत नवं-जुनं करून, म्हणजे नवं कर्ज उचलून जुनं भरल्याचं दाखवून वेळ मारून न्यायची, हे दोन्ही महागात पडतं. शिवाय मेमध्ये लग्न झालं की पुढचा ऊस तुटणार हिवाळ्यात. तोवरचे हप्ते कशातून?

आहेराचा एक लाख तुम्ही जमेला धरलाय, तो काढून टाका. आहेर ही उसनवारी असते. वहीत नाव लिहिलं जातं आणि पुढच्या तुळशीच्या लग्नापासून परतफेड सुरू होते. हां, मुलीला लग्नात मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, ती वही मात्र जपून ठेवा.

मेमधल्या लॉनबद्दल थोडं घरचं सांगतो. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न असंच एका लॉनवर, मे महिन्यात. अक्षता दुपारी साडेबाराच्या, त्या सुखरूप पडल्या. रिसेप्शन संध्याकाळी. चारच्या सुमाराला जोतिबाच्या अंगानं आभाळ काळं झालं आणि वीस मिनिटांत वळवानं सगळं धुऊन काढलं. जिलेबीच्या कढईवर ताडपत्री धरून दोन पोरं उभी, स्टेजवरची फुलं थर्माकोलसकट पाण्यात, आणि नवरीची आजी चप्पल हातात घेऊन गाडीत बसलेली. करारात "नैसर्गिक कारणास्तव परतावा नाही" अशी ओळ होती. आम्ही ती वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती. लॉनला लागून छप्पर असलेला हॉल असेल आणि तो त्याच भाड्यात मिळणार असेल, तरच मेमध्ये लॉनचा विचार करावा.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, पोरीची हौस? तिनं स्वतःहून 2 लाख देऊ केलेत आणि तुम्ही "मुलीचे पैसे कसे घ्यायचे" म्हणून गप्प बसलात. घ्या की! ती कमावती आहे, लग्न तिचं आहे. दुसरं, सांगलीकर मंडळी 300 माणसं आणणार असं तुम्ही सहज लिहून गेलात. 450 च्या दरानं ती 1,35,000 ची ताटं आहेत. निम्म्या-निम्म्या खर्चाची लग्नं आता आपल्याकडं नवी राहिलेली नाहीत. याद्या झाल्यावर हा विषय काढलात तर कटकट होते, याद्यांत बसून काढलात तर ती एक ओळ असते. व्याह्यांना थेट विचारायला जड जात असेल तर मध्यस्थांना सांगा, ते असतात कशाला.

म्हणून माझं मत कार्यालयाच्या बाजूचं. 3,69,000 त्यात, हळदीच्या रात्रीचं जेवण दोन्ही कागदांत नाही त्याला 40,000 धरा, तरी 5 लाखांत 91,000 हाताशी राहतात आणि लग्नघरात ते कसे जातात हे मी सांगायला नको. कार्यालय केलंत तर मुलीचे 2 लाख घ्यायची वेळच येत नाही, ते तिच्याच नावावर राहू द्यात, पुण्यात घर मांडायला लागतील. व्याह्यांनी निम्मा भार उचलला, हमी 550 वर आली आणि पक्कं छप्पर मिळालं, तर लॉनलाही माझी हरकत नाही. यातलं एक जरी नसलं तरी नको.

आगाऊ रकमेसाठी एफडी आत्ता मोडू नका. त्याच बँकेत एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतो आणि वापराल तेवढ्याच रकमेवर. एप्रिलमध्ये वळता होईल. लॉनवाल्यानं "निम्मे रोख द्या, बिल नको" म्हटलंय, त्याला नको म्हणा. एका कार्यासाठी एका माणसाकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होतो. हे सांगितलं की तो बहुधा मुकाट्यानं बिल फाडेल.

पावतीवर आगाऊ रक्कम वेगळी, अनामत वेगळी लिहून घ्या. तारीख बदलली तर किती कापणार तेही त्यातच. आणि तिथीबरोबर इंग्रजी तारीख, हॉल सकाळी किती वाजता ताब्यात मिळणार ती वेळ, आचाऱ्याला आदल्या रात्रीपासून भटारखाना मिळणार की नाही, एवढं बघूनच सही करा.