गिझर गळतोय : दुरुस्त करायचा की बदलायचा?

थंडी सुरू झाली की गळक्या गिझरबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांना दोनपैकी एक उत्तर मिळालेलं असतं : ‘काही होत नाही, वापरा’ किंवा ‘टाकी गेली, नवा घ्या’. पाणी नेमकं कुठून येतंय हे पाहिल्याशिवाय यातलं कुठलंही उत्तर देऊ नये आणि ऐकूही नये. या वेळी निवडलेले प्रश्न बघा.

प्रश्न : १५ लिटरचा गिझर चार वर्षं वापरात आहे. आता चालू केला की थंड पाण्याच्या नळीवरच्या व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून थेंब थेंब पाणी येतं. सोसायटीने प्रेशर पंप बसवल्यापासून हे सुरू झालं. प्लंबर म्हणतो, तोंडाला डमी लावून बंद करतो. करू द्यावं का? (डोंबिवली)

अजिबात करू देऊ नका. ते तोंड थेंब पडावेत म्हणूनच ठेवलेलं असतं.

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ६० ते ७० अंशांवर गेलं की त्याचं आकारमान दीड ते दोन टक्के वाढतं. तुमच्या १५ लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी पाव लिटरच्या आसपास भरतं, २५ लिटरच्या टाकीत चारशे-पाचशे मिलिलिटर. नळ बंद असताना ते जाणार कुठे? म्हणून तो व्हॉल्व्ह, ज्याला दुकानात एमएफव्ही म्हणतात, जादा दाब त्या तोंडातून सोडून देतो.

मग आधी का पडत नव्हतं? एमएफव्हीमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी एक झडप असते. क्षार साचून ती नीट बसेनाशी झाली, की वाढीव पाणी कुणाच्या लक्षात न येता मागे थंड पाण्याच्या लाइनमध्ये शिरतं. पंप आला की त्याच्याबरोबर लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे तशीच झडप, येतो आणि दाबही वाढतो. मागची वाट बंद झाली, पाणी हक्काच्या वाटेने बाहेर येऊ लागलं. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं.

खात्री करायची तर त्या तोंडाखाली एक मग ठेवा. गिझर तापत असताना जमलेलं पाणी पाव लिटरच्या आसपास असेल आणि गिझरचा दिवा विझल्यावर थेंब थांबत असतील, तर सगळं ठीक आहे. तोंडाला पारदर्शक नळी लावून ती खाली उतरती न्या आणि मोरीत सोडा. नळीचं टोक उघडं राहिलं पाहिजे. गिझर बंद आणि गार असतानाही थेंब पडत असतील, तर मात्र व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय किंवा दाब जास्त आहे. आधी गिझर गार असताना व्हॉल्व्हची छोटी दांडी चार-पाच वेळा उचलून सोडा, कचरा वाहून जातो. तेवढ्याने थांबलं नाही तर एमएफव्ही बदला. नवा तितक्याच बारचा (बार म्हणजे दाबाचं माप) घ्या. गिझरवरच्या पाटीवर ०.८ एमपीए लिहिलं असेल तर ते ८ बार. नवा व्हॉल्व्हही गार असताना गळत असेल, तर घरात येणाऱ्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागेल.

डमी लावण्यात खरा धोका कुठे आहे तेही सांगतो. थर्मोस्टॅट चिकटला आणि जादा तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला, तर बंद टाकीतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे तापत जातं. टाकी फाटली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते. न्हाणीघराच्या भिंती पडल्याच्या घटना अशाच होतात. एमएफव्ही आणि गिझर यांच्यामध्ये कॉक बसवणं हीसुद्धा तीच चूक आहे.

प्रश्न : २५ लिटरचा गिझर, सात वर्षं जुना, बोअरचं पाणी. खालच्या झाकणातून तांबूस पाणी टपकतं आणि अधूनमधून घरातली आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होते. मेकॅनिकने झाकण न उघडताच टाकी गेल्याचं सांगितलं. (सोलापूर)

झाकण न उघडता टाकी गेली असं कुणालाही सांगता येत नाही. तुमची आरसीसीबी ट्रिप होते, यावरून उलट आधी एलिमेंटचा संशय येतो. एलिमेंटच्या तांब्याच्या नळीला बारीक भोक पडलं की आतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी शिरतं आणि वीज अर्थिंगकडे गळू लागते. ही गळती शोधून दुरुस्त होईपर्यंत गिझर बंद ठेवा. आरसीसीबी काढून टाकून ‘आता ट्रिप होत नाही’ असं म्हणणारा माणूस घरात घेऊ नका.

खालचं प्लास्टिकचं झाकण काढलं की मधोमध गोल प्लेट दिसते, तिला फ्लँज म्हणतात. एलिमेंट, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमची कांडी हे सगळं तिच्यावरच बसवलेलं असतं, आणि टाकी व प्लेटच्या मध्ये रबराचं गॅस्केट असतं. एमसीबी बंद ठेवून आणि टाकी पाण्याने भरलेली असतानाच सगळं कोरडं पुसा आणि टिश्यू पेपरचे तुकडे एकेका जागी लावून पाहा. प्लेटच्या कडेने ओल आली तर गॅस्केट गेलं. एलिमेंटच्या टोकांपाशी आली तर एलिमेंट. प्लेट कोरडी राहिली पण वरच्या पिवळ्या फोममधून पाणी झिरपतंय, फोम दाबला की तांबूस थेंब येतात, तर टाकीच गेली. फोम पाणी दूरवर नेतो, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच भोक असेल असं नाही.

गॅस्केट किंवा एलिमेंट बदलायचं काम असं चालतं. एमसीबी खाली करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. टेस्टरने बघा. गरम पाण्याचा नळ सोडून पाणी गार येईपर्यंत वाहू द्या, मग येणारा अँगल कॉक बंद करा. आता थंड बाजूची नळी एमएफव्हीसकट सोडा आणि गरम बाजूचीही सैल करा. गरम बाजूने हवा आत शिरली नाही तर टाकी रिकामी होत नाही. खाली दोन बादल्या ठेवा, २५ लिटर पाणी एका बादलीत मावत नाही. तारांचा फोटो काढून मगच त्या सोडवा. नटांना बहुतेक मॉडेलवर १० किंवा १३ नंबरचा पाना लागतो. प्लेट उतरवताना आणखी मगभर पाणी आणि क्षारांचा चिखल खाली येईल, तयारीत राहा.

आता प्लेटवरची कांडी बघा. नवी असताना ती बोटाएवढी जाड आणि गुळगुळीत असते. बोअरच्या पाण्यात सात वर्षं न बदललेली कांडी बहुधा राखाडी, भुसभुशीत झालेली दिसेल आणि मधली लोखंडी तार उघडी पडलेली असेल. ही कांडी टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असते. ती संपली की पाणी टाकीच्या पोलादाकडे वळतं. तार दिसू लागली किंवा जाडी निम्म्यावर आली की बदलायची. तुमच्यासारख्या पाण्याला ही तपासणी दर वर्षी हवी. सर्व्हिसिंगचे पैसे घेऊन कांडी न दाखवता जाणारा मेकॅनिक खरं काम करून गेलेला नसतो.

एलिमेंटवर पांढरा थर असेल पण भोक नसेल, तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून नुसता तापणारा भाग काही तास बुडवा. वरची टोकं कोरडी राहू द्या. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, ते तांब्याला आणि टाकीलाही खातं. एलिमेंट नवा लागला तर वॅट तेच घ्या. २००० वॅटचा एलिमेंट साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि घरातली वायर त्या हिशेबाने टाकलेली असते.

टाकीच्या तोंडाची बैठक लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर आतला काचेचा मुलामा उडतो आणि तिथूनच गंज धरतो. गॅस्केट त्याच मॉडेलचं घ्या. त्याच्याबरोबर सिलिकॉन किंवा एम-सील लावू नका. उष्णता आणि दाबात ते सुटतं आणि पुढच्या वेळी प्लेट निघत नाही. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली की प्लेट तिरकी बसते आणि नवं गॅस्केटही गळतं. मग गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरा. धार हवेचे फटके न मारता सलग आली की नळ बंद करा, अर्धा तास थांबा, कोरडा कागद फिरवून बघा आणि त्यानंतरच वीज सुरू करा. रिकाम्या टाकीत एलिमेंट तापला तर तो मिनिटभरात जळतो. पहिल्यांदा तापून गार झाल्यावर एमसीबी बंद करून नट परत एकदा तपासा.

टाकीलाच भोक असेल तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं. काचेच्या मुलाम्याच्या टाकीला वेल्डिंग केलं की उष्णतेने आजूबाजूचा मुलामा तडकतो. स्टीलच्या टाकीला करून मिळतं, पण क्षाराच्या पाण्यात जुन्या सांध्याशेजारी पुन्हा चीर जाते. दोन्हीकडे पैसे वाया. मात्र नवा घेण्याआधी वॉरंटी कार्ड काढा : टाकीची वॉरंटी बहुधा बाकी गिझरपेक्षा जास्त वर्षांची असते.

प्रश्न : नळीच्या जोडातून गळतं. दोनदा घट्ट केलं, तरी तेच. (नांदेड)

घट्ट करून थांबत नाही, कारण आतला रबरी वॉशर कडक झालाय. जाळीच्या लवचिक नळीत वॉशरच पाणी अडवतो, आटे नाहीत. तिथे टेप गुंडाळून उपयोग नाही. वॉशर बदला, नळीच जुनी असेल तर नळी बदला. टेप लागतो तो एमएफव्ही आणि निपलच्या आट्यांवर : दहा-बारा वेढे, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने. गरम बाजूला पांढरी पीव्हीसी पाइप वापरलेली असेल तर ती मऊ पडून जोड सुटणारच. तिथे गरम पाणी सोसणारी सीपीव्हीसी हवी.

प्रश्न : २२ मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुना गिझर टाकीतून गळला, नवा घ्यायचाय. काय बघू? (ठाणे)

आधी दाब. गच्चीवरची टाकी दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब देते. तुमच्या वर १९ मजले म्हणजे सुमारे ५७ मीटर. मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह नसतील तर पावणेसहा बार. साडेसहा बारचा गिझर यात सतत काठावर राहील, म्हणून ८ बारचाच घ्या. तुमच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे का आणि चालू आहे का, हे सोसायटीच्या प्लंबरला विचारा. तो बिघडला असेल तर जुनी टाकी फाटण्याचं कारण तेच असू शकतं, आणि नव्या टाकीचंही तेच होईल.

पाटीवर आयएसआय चिन्हाबरोबर आयएस २०८२ हा क्रमांक आणि स्टार लेबल असावं. जुना एमएफव्ही पुन्हा वापरू नका.

नव्या इमारतींत एक गोष्ट हमखास राहून जाते : भिंत. पाण्याने भरलेला २५ लिटरचा गिझर ३५ किलोच्या पुढे जातो. हलक्या राखाडी एएसी ब्लॉकच्या भिंतीत नेहमीचा फुगणारा फास्टनर ठोकला, तर आतला ब्लॉक चुरतो आणि बोल्ट हळूहळू बाहेर येतो. ड्रिलमधून पांढरट राखाडी भुकटी सहज पडायला लागली की समजा. तिथे केमिकल अँकर घ्या किंवा भिंतीतून आरपार बोल्ट आणि मागे पट्टी लावा.

प्रश्न : सोलरच्या काचेच्या नळीच्या वरच्या टोकाशी पाणी गळतं. (पुणे)

टाकी आणि नळी यांमधली सिलिकॉनची रिंग गेली आहे. ५८ मिलिमीटरच्या नळीची रिंग सहज मिळते. काम पहाटे करा. थंड पाण्याचा कॉक बंद करून टाकी नळ्यांच्या भोकांखाली उतरेपर्यंत रिकामी करा. रिंगला साबणाचं पाणी लावून नळी फिरवत आत सरकवा. तेल लावू नका. आणि उन्हात रिकाम्या राहिलेल्या नळ्यांत कधीही थंड पाणी सोडू नका. त्या दोनशे अंशांच्या पुढे तापलेल्या असतात, तडाख्यात फुटतात. उशीर झाला तर नळ्यांवर कापड टाकून संध्याकाळपर्यंत थांबा.

प्रश्न : घरचा तांब्याचा बंब गळतो, राखेत पाणी पडतं. एम-सील लावलं, टिकलं नाही. (सातारा)

राखेत पडतंय म्हणजे मधल्या नळीचा खालचा सांधा उघडलाय. विस्तवाजवळ एम-सील टिकणार नाही. शिसं-कथिलाचा मऊ डाखही नको, तो दोनशे अंशांच्या आतच वितळतो. इथे पितळी डाखाने झाळूनच घ्यायला हवं, आणि ते तांबटाचं काम आहे. जवळपास कुणी नसेल तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा. देण्याआधी विस्तव न घालता बंब भरून रात्रभर कागदावर ठेवा. बाहेरून हिरवट डाग दिसतील त्या जागाही खडूने खुणावून द्या, म्हणजे एकाच खेपेत काम होईल. तोटी गळत असेल तर तीही तेव्हाच बदला.

सांधा उघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे निखारे असताना बंब रिकामा होणं. पाणी आहे तोवर तांबं फारसं तापत नाही. पाणी संपलं की सांध्यावर सगळी आच येते. जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार वरून ओता, आणि शेवटच्या आंघोळीनंतर निखारे विझेपर्यंत बंब भरलेलाच ठेवा.