घराच्या कामात उरलेल्या ग्रॅनाइट, कडप्पा, शहाबादीच्या तुकड्यांचं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की किचन-बाथरूमचं काम झालं, ग्रॅनाइट, कडप्पा, शहाबादीचे तुकडे अंगणात पडलेत आणि ट्रॅक्टरवाला राडारोड्याबरोबर तेही न्यायला तयार आहे, तर देऊ का? माझं म्हणणं, नका देऊ. निदान दोन दिवस थांबा.

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, गेल्या वर्षी जुना कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट टाकला. ओटा 30 वर्षांचा, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर आई नारळ फोडायची म्हणून तिथली कड टवके उडून पार गोल झालेली. मिस्त्री तो तुकडा घमेल्यात टाकत होता तेवढ्यात आई म्हणाली, हा ठेव रे बाबा. तिथून मला हा नाद लागला.

आधी कुठला दगड कोणता ते ओळखा, कारण कुठे काय वापरायचं ते सगळं त्यावरच आहे. पॉलिश नसलेल्या बाजूला खिळ्याने खरवडायचं, भुकटी पडली की तिच्यावर लिंबू पिळायचं. बारीक बुडबुडे आले तर तो चुनखडीच्या जातीचा, म्हणजे कडप्पा, शहाबादी, कोटा, मार्बल. ग्रॅनाइटवर खिळा नुसता घसरतो आणि लिंबाने काही होत नाही. जुनं घर पाडलं असेल तर जोत्याचा काळा पाषाण पण निघतो, आपल्या काळाराम मंदिराचा असतो तसा, त्यालाही लिंबाने काही होत नाही, आणि तो मिळाला तर कापू नका, आख्खाच पायरीला लावा.

आता सगळ्यात भारी उपयोग सांगतो. सिंक बसवताना ग्रॅनाइटमधून आतला चौकोन कापून काढतात ना, आमचा साधारण 22 बाय 16 इंचांचा निघाला, तो कारागीर बाजूला फेकणार होता. त्याच्याकडूनच 12 इंचांचा गोल कापून घेतला, कडा घासून गोल करून घेतल्या, झाला पोळपाट. 18 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे हा पोळपाट साडेतीन किलोचा आहे, लाटताना जागचा हलत नाही, खाली फक्त ओलं फडकं घालायचं. आईने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, लाकडी पोळपाटाची सवय ना, पण होळीला पुरणपोळ्या केल्या तेव्हा म्हणाली गार दगडावर पुरण बाहेर येत नाही, पिठी पण कमी लागते. आता लाकडी पोळपाट माळ्यावर आहे. कडप्प्याचा मात्र असा करू नका, लिंबू-चिंच सांडली की डाग पडतो आणि तो जात नाही.

कडप्प्याच्या लांब पट्ट्यांचा मी मागच्या अंगणात बाक केला आणि तिथे चुकलो. दोन बाजूंना विटांचे खांब आणि वर 4 फुटांची पट्टी ठेवली, भाचा बसला आणि कट्कन मधोमध दोन तुकडे, नशीब लागलं नाही त्याला. कडप्पा काय किंवा शहाबादी काय, थराथरांचा दगड आहे, आधार नसलेली पट्टी 2 फुटांच्या वर ठेवूच नका. नंतर मधे तिसरा खांब घातला, आता दोघं-तिघं आरामात बसतात.

ग्रॅनाइटच्या बारीक पट्ट्या बाथरूमच्या उंबऱ्याला आणि खिडकीखाली लावा. खिडकीची पट्टी भिंतीच्या बाहेर इंचभर काढा, उतार बाहेरच्या बाजूला द्या आणि खालून कटरने एक खाच मारून घ्या म्हणजे पावसाचं पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीवर ओघळ येत नाहीत. मिस्त्री स्वतःहून ही खाच मारत नाहीत, मागे लागावं लागतं.

शहाबादीचे वेडेवाकडे तुकडे बागेच्या वाटेला, मुरूम दाबून वर बसवायचे, मधे इंचभर फट, तिच्यात हरळी आपोआप येते. खडबडीत बाजू वर ठेवा, पावसात पाय घसरत नाही. चुरा कुंडीत वर पसरता येतो पण मार्बल-कडप्प्याचा अनंताच्या कुंडीत नको, चुना उतरतो आणि पानं पिवळी पडतात. आणि या चुनखडीच्या दगडांवर ॲसिडवालं लिक्विड कधीच टाकू नका, पॉलिश खाऊन टाकतं.

अजून एक, कारागीर कापायला बसला की पाणी मारत कापायला सांगा. कोरडं कापलं की जो पांढरा धुरळा उडतो त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही, त्याच्याही आणि तुमच्याही. बादली आणि नळी आपणच आणून द्यायची.

त्यामुळे कारागीर अजून येत-जात असेल तर आजच काय-काय कापून हवंय ते मापासकट कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, कारण एकदा तो गेला की एका पोळपाटासाठी मशीन घेऊन परत कोणी येत नाही. आईचा तो कोपरा न घासता, न कापता तुळशीपुढे ठेवलाय, संध्याकाळी त्याच्यावर दिवा असतो.