डॉर्टमुंडला येताना सोलापूरचं काय काय बरोबर येतं

तू लिहिलंस, नवऱ्याला डॉर्टमुंडला नोकरी लागलीय, मुलगी पाच वर्षांची आहे. येताना काय आणू, घर भारतीयांच्या जवळ घेऊ की जर्मनांच्या, आणि पोरगी पुढं सोलापूरची राहील का, असं विचारलंस. शेवटचा प्रश्न तू घाईत लिहिलास, पण झोप उडवणारा प्रश्न तोच आहे. मलाही तोच पडला होता, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहिते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या वस्तीतली. पणजोबा तेलंगणातून मागाच्या कामाला सोलापुरात आले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, मैत्रिणीच्या घरी कन्नड. संक्रांतीला ज्या सिद्धेश्वरांच्या काठ्या बघायला आपण जातो, त्यांची वचनंही कन्नडच. पणजोबांना सोलापूर परकं होतं, मला ते माहेर आहे. म्हणजे आमच्या घरात आपला मुलूख सोडणारी मी पहिली नव्हे, हे इथं आल्यावर माझ्या नीट लक्षात आलं.

सोलापुरात मी काही वर्षं भूगोल शिकवायची. संस्कृती कशी पसरते, हा धडा तेव्हा पाठ होता. कधी माणूसच उठून जातो आणि आपलं सगळं बरोबर नेतो. कधी माणूस जागेवर राहतो, गोष्ट पुढं सरकते, एकतर साथीसारखी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, नाहीतर कपड्यांच्या फॅशनसारखी मुंबई-पुण्याहून सोलापूर आणि तिथून बार्शी-मंगळवेढा. आणि कधी कल्पना तेवढी पोचते, वस्तू मात्र तिथल्या मातीची होते. या शेवटच्या प्रकाराचा अर्थ मला बतुकम्माच्या दिवशी कळला, म्हणजे ताटात फुलांचे थर रचून भोवती फेर धरायच्या आमच्या तेलुगू सणाला. आपल्याकडे ती तरवडाच्या फुलांशिवाय होत नाही. इथं तरवड कुठला? पहिल्या वर्षी मी ताट रिकामंच ठेवलं आणि रडले. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या बाजारात ॲस्टर आणि डेलिया दिसले, ते रचले. खालच्या मजल्यावरची जाफन्याची तमिळ बाई टाळ्या वाजवत फेर धरायला आली. गाणी तेलुगूच, मध्ये माझे मराठी शब्द. आईनं फोनवर बघितलं आणि म्हणाली, रचायला तुला अजून जमत नाही, बुंधा रुंद घे. फुलांबद्दल एक शब्द बोलली नाही.

आता पोरीचं. माझ्या समोर एक आजी राहतात, आडनाव ‘स्की’नं संपणारं. आजोबा पोलिश, कोळशाच्या खाणीत कामाला आलेले. आजींना पोलिशचा एक शब्द येत नाही. इथं रूर खोऱ्यात अशी आडनावं दारोदार दिसतात. एके काळी या लोकांची वर्तमानपत्रं होती, मंडळं होती. मग १९०८ च्या कायद्यानं जाहीर सभांमध्ये जर्मन सक्तीची केली, थोडे अपवाद सोडून. पहिल्या महायुद्धानंतर कितीतरी कुटुंबं पोलंडला परतली किंवा फ्रान्सच्या खाणींकडे गेली. उरलेल्यांची भाषा गेली, आडनाव राहिलं. आणि आमची तेलुगू? चार पिढ्या झाल्या, टिकून आहे. आम्ही काही जास्त निष्ठावान नव्हतो. आमच्याकडे तेलुगू माध्यमाच्या शाळा होत्या, मार्कंडेयाचं देऊळ आणि नारळी पौर्णिमेचा रथ होता, विड्या वळायला बसलेल्या बायका दिवसभर त्याच भाषेत बोलायच्या. भाषेला रोज जायला जागा होती. पोरीला मराठीची अशी जागा दे. घरात मराठीच बोल, आजीचा फोन ठरलेल्या वेळी आणि रोज. माझी मुलगी आजीला जर्मन शाळेतली भांडणं मराठीत सांगते, कारण आजीला जर्मन कळत नाही.

आता घर. त्याबद्दल माझं मत ठाम आहे: फक्त भारतीयांच्या इमारतीत जाऊ नकोस. मी दीड वर्ष तशी राहिले आणि दुकानात बोलण्याइतकीही जर्मन आली नाही. टॉर्स्टन हेगरस्ट्रांड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञानं १९५३ मध्ये मांडलं होतं की शेतकरी नवी गोष्ट बहुतेक करून जवळच्या, ओळखीच्या माणसाकडून उचलतो. भाषेचंही तसंच. पण अगदी एकटीही पडू नकोस. स्टेशनच्या उत्तरेला नॉर्डश्टाट आहे, तिथं तुर्की, अरब, आफ्रिकी दुकानं आहेत. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत आले, आणि त्यांच्याकडे बहुतेक ताटात वाढला जाणारा डोनर, म्हणजे उभ्या सळईवर भाजलेलं मांस, इथं पावात गुंडाळून चालता चालता खायचा झाला. आज जर्मन पोरं त्याला आपलंच खाणं समजतात. जवळच्या हाम गावात श्रीलंकेच्या तमिळांनी २००२ मध्ये कामाक्षी अम्मनचं मोठं देऊळ उभं केलं. उन्हाळ्यात रथ निघतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला आपला मार्कंडेयाचा रथ आठवला आणि गर्दीत उभी राहून हात जोडले.

आता सामान. तूप, पेढे, खवा, मटणाचं काहीही आणू नकोस. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ज्वारीचं पीठही पोतंभर नको, जुनं झालं की भाकरी थापताना चिरते. मला ज्वारी आफ्रिकी दुकानात मिळाली, आणि ते बरोबरच आहे, ती मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली. शेंगदाणा आणि मिरची तर अमेरिका खंडातली. आपली शेंगा चटणी आपल्या आधी किती फिरून आलीय बघ. खलबत्ता मात्र आण. रविवारी कुटू नकोस, इथं रविवारी शांतता पाळतात. मी कुटत बसले आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. आता शनिवारी दुपारी कुटते, समोरच्या आजींना वाटीभर देते, त्या लोणी लावलेल्या पावावर पसरून खातात.

कागदांचं थोडक्यात: राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवायचं, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते पहिल्याच दिवशी माग. ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलांची शाळा त्याच वर्षी सुरू होते, तेव्हा पोरीची जन्मतारीख कळव. आणि एक सोलापुरी चादर मोठ्या बॅगेत तळाशी घाल. घर लावून होईपर्यंत पहिले काही दिवस जमिनीवरच झोपावं लागेल.