लाटेची उंची नंतर, आधी तिचे सेकंद विचारा

जळगाव-धुळ्यातल्या ट्रॅव्हलवाल्यांच्या पाट्यांवर मालदीव आणि बाली दिसायला लागल्यापासून मला येणारे प्रश्न बदलले आहेत. माझा जन्म यावल तालुक्यातला, पण बावीस वर्षं गेली समुद्राच्या लाटा मोजण्यात. आता गावी असतो. केळीच्या बागेत उभं राहून फोनवर ‘स्वेल’बद्दल बोलताना मला फार आनंद होतो, हे आधी सांगून टाकतो. या वेळचे प्रश्न घेऊ.

आम्ही तिघं मित्र जूनमध्ये मालदीवला जातोय, सर्फिंग करून बघायचंय. अ‍ॅपवर ‘१.४ मीटर, १५ सेकंद, दक्षिण-नैऋत्य’ असं दिसतं, पण त्याच वेळी बेटावर वारा जवळपास शून्य. वारा नाही तर लाटा कुठून येतात? आणि १.४ मीटर म्हणजे छातीइतकीच लाट, नवशिक्याला चालेल ना? (धरणगाव)

आधी मेहरूण तलावावर जाऊया. दुपारचा वारा सुटला की पाण्यावर बारीक लाटा उठतात. वारा पडला की दहा मिनिटांत पाणी पुन्हा सपाट. कारण तिथे वाऱ्याला पल्ला मिळत नाही, या काठापासून त्या काठापर्यंत धाव ती केवढी! आता दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात चला. शाळेत आपण ज्यांना ‘गर्जणारे चाळीस’ म्हणायचो ते वारे तिथे पृथ्वीभोवती गरगर फिरतात, वाटेत अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तिथलं एखादं वादळ दोन-तीन दिवस हजार-दीड हजार किलोमीटर पाणी घुसळतं. त्यातून उठलेल्या लाटा वादळ सोडून बाहेर पडतात आणि पुढे वाऱ्याशिवाय चालत राहतात. यांनाच स्वेल म्हणतात.

पाणी मात्र तिथून इथे येत नाही. बैलाच्या कासऱ्याला झटका दिला की उंचवटा पळत जातो आणि कासरा हातातच राहतो, तसं. वादळात लहानमोठ्या सगळ्या लाटा एकत्र असतात. बाहेर पडल्या की सारंगखेड्याच्या घोड्यांसारखं होतं, सुटतात एका गर्दीत आणि पुढे ज्याच्या त्याच्या वेगाने पांगतात. लाटांमध्ये लांब लाट नेहमी जोरात पळते. १५ सेकंदांचा स्वेल खोल समुद्रात तासाला सुमारे ४२ किलोमीटरने पुढे सरकतो, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. तुमच्या बेटापुढे जी लाट फुटेल, ती सहाएक दिवसांपूर्वी हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला जन्मलेली असेल. बेटावरचा वारा तिला ओळखतही नाही.

आता ते १५ सेकंद. एका लाटेचा माथा गेल्यापासून दुसरीचा येईपर्यंतचा हा वेळ, म्हणजे आवर्तकाल. माझं ठाम म्हणणं आहे की अंदाज वाचताना आधी हा आकडा बघा आणि उंची नंतर. १५ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे ३५० मीटर असते आणि तिची हालचाल १७५ मीटर खोलपर्यंत पोचते. ८ सेकंदांची लाट जेमतेम १०० मीटर लांब. उंची दोघींची सारखी असली तरी लांब लाट जवळजवळ दुप्पट शक्ती घेऊन येते. आणि रीफवर, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या खडकावर, पाणी अचानक उथळ झालं की ती सगळी शक्ती वर चढते. अ‍ॅपवरचे १.४ मीटर हे खोल समुद्रातले. रीफवर तीच लाट डोक्यावरून जाईल इतकी सहज उभी राहते. शिवाय तो आकडा सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असतो. दिवसभरातली एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट निघते.

हे मी अंगावर घेऊन शिकलो आहे. मालदीवच्या माले अटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळ बेटांच्या कड्यात, पहिल्यांदा गेलो तेव्हा पहाटे धोणीवर, म्हणजे तिथल्या होडीवर, बसलो होतो. समुद्र तेल ओतल्यासारखा. ‘आज एकच मीटर आहे’ असं कुणीतरी म्हणालं, म्हणून मी बोर्ड, म्हणजे लाटेवर उभं राहायची फळी, घेऊन उतरलो. मग क्षितिजावर एक गडद रेघ दिसली. ती जवळ आली तसं माझ्या पुढचं पाणी रीफवरून मागे ओढलं गेलं, आणि पिवळी-जांभळी प्रवाळं उघडी पडून चुरचुर वाजायला लागली. भाकरी तव्यावर टाकताना पाण्याचा हात फिरतो तेव्हाचा आवाज, अगदी तसा. पुढची लाट मला घेऊन त्याच प्रवाळांवर आदळली. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. नंतर धोणीवर बसून घड्याळ लावलं तर दोन माथ्यांमध्ये १६ सेकंद भरले.

तेव्हा भाऊ, जूनमध्ये १५ सेकंद दिसले तर तुम्ही तिघांनी रीफवर जायचं नाही. लगूनच्या, म्हणजे रीफने अडवलेल्या शांत पाण्याच्या, आत वाळूचा तळ असेल तिथे, फेसाळलेल्या पाण्यावर बोर्डवर उभं राहायला शिका. नुसता स्वेल बघायलाही ती सफर सोन्याची आहे.

नंदुरबारहून सुरत जवळ. डुमसच्या किनाऱ्यावर सर्फिंग होईल का? (नंदुरबार)

नाही. आपली तापी जिथे समुद्राला मिळते त्या भागाबद्दल मला माया आहे, पण लाटा तिथे नाहीत. एक तर खंबातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा. भरती आत शिरताना चढत जाते, भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. दुसरं, मुंबईपासून गुजरातपर्यंत समुद्राचा उथळ तळ फार दूरवर, सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेला आहे. दक्षिणेकडून आलेला लांब स्वेल एवढ्या उथळ पाण्यावरून घासत येता येता थकतो. उरलंसुरलं गाळ शोषून घेतो.

मालदीवमध्ये याच्या नेमकं उलटं आहे. खोल महासागरातून पर्वतासारखी वर आलेली बेटं, भरती-ओहोटीचा फरक एका मीटरच्या आसपास, आणि स्वेलला वाटेत काहीही आडवं नाही. सर्फिंगसाठी बेटं का, याचं उत्तर एवढंच आहे.

बेटाच्या एका बाजूला मोठ्या लाटा आणि दुसऱ्या बाजूला तळ्यासारखं पाणी, असं का? राहण्यासाठी कुठली बाजू घ्यावी? (भुसावळ)

फार चांगला प्रश्न. यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत: स्वेलची दिशा, तळाचा आकार आणि वारा.

लाटेचं जे टोक उथळ पाण्यावर येतं ते मंदावतं, खोल पाण्यातलं टोक तसंच पळत राहतं, म्हणून लाट वळते. ज्वारीच्या मळणीत मेढीभोवती बैलांची पात फिरायची ते आठवा, आतला बैल हळू आणि बाहेरचा झपझप. तशी लाट बेटाभोवती वळसा घेते. त्यामुळे स्वेल दक्षिणेकडून आला तरी माले अटॉलच्या पूर्व कडेच्या खिंडींमध्ये तो वळून शिरतो आणि रीफच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीत फुटत जातो. सर्फरला हेच हवं असतं. सगळी लाट एकदम धपकन पडली तर तिच्यावर चालणार कुठे?

आता वारा. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात पाठ केले होते. सर्फर मतलई दिशेच्या वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यावर, जीव टाकतात. तो येणाऱ्या लाटेच्या तोंडावर वाहतो, तिला थोडा वेळ धरून ठेवतो आणि तिचा चेहरा गुळगुळीत करतो. मालदीवमध्ये नैऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून येतात, म्हणून पूर्व कडेला ते समुद्राकडे वाहतात. एप्रिल ते ऑक्टोबर हा दक्षिणेच्या स्वेलचा मोसम असतो, आणि त्याच काळात बरेच दिवस वाराही सोयीचा मिळतो. १९७३ साली टोनी हाइंड नावाचा ऑस्ट्रेलियन सर्फर जहाज फुटून मालदीवमध्ये अडकला, या लाटा बघितल्या आणि तिथेच राहिला. बालीत हाच हिशेब उलटसुलट होतो. मे ते सप्टेंबरच्या कोरड्या ऋतूत आग्नेयेचा वारा असतो, तेव्हा उलुवातूसारखी पश्चिमेची ठिकाणं चांगली. पावसाळ्यात वारा फिरतो आणि सर्फर पूर्वेच्या किनाऱ्यावर जातात.

लक्षद्वीपमध्ये बहुतेक अटॉलना पश्चिमेला लगून आणि पूर्वेला जमीन आहे. नैऋत्येचा स्वेल पश्चिमेच्या रीफवर, किनाऱ्यापासून दूर फुटतो. हॉटेलसमोर दिसतं ते शांत हिरवं पाणी. मुलंबाळं, आईवडील सोबत असतील तर लगूनची बाजू घ्या. रात्री लांबून येणारी रीफची घरघर तिथूनही ऐकू येते.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरचे नावाडी या वळलेल्या स्वेलवरूनच न दिसणारं बेट शोधायचे. नारळाचे हीर बांधून त्यांनी नकाशे केले. काड्या म्हणजे स्वेलच्या दिशा, शिंपले म्हणजे बेटं. नकाशा किनाऱ्यावर पाठ करायचा आणि घरीच ठेवायचा. समुद्रात नावेत बसून अंगाला लागणाऱ्या हेलकाव्यांवरून वाट काढायची. माझ्या सगळ्या उपकरणांपेक्षा मला त्या काड्यांचं जास्त अप्रूप आहे.

दर सातवी लाट मोठी असते हे खरं का? (पारोळा)

नेमकी सातवी नाही. पण मोठ्या लाटा झुंडीने येतात हे खरं. जवळपास सारख्या लांबीचे दोन-तीन स्वेल एकमेकांवर बसले की काही लाटा वाढतात आणि मग बराच वेळ शांतता. सर्फर त्या झुंडीला ‘सेट’ म्हणतात. पाण्यात उतरण्याआधी निदान वीस मिनिटं काठावर बसून बघा. पाचच मिनिटं बघणारा नेमकी शांतता बघतो.

केरळात वारा-पाऊस नसताना समुद्र घरात शिरला, अशी बातमी वाचली. त्याचा या स्वेलशी संबंध आहे का? (साक्री)

तोच स्वेल आहे. मल्याळी कोळी त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि लांब आवर्तकालाचा स्वेल भरतीवर स्वार होऊन वाड्यांत शिरतो. मे २००७ मध्ये अशाच लाटांनी मालदीवमधल्या अनेक बेटांवर पाणी घातलं होतं. मोठं वादळ त्या लोकांनी पाहिलंही नव्हतं, ते हजारो किलोमीटर दक्षिणेला होऊन गेलं होतं.

स्वेल एवढा लांब जातो हे वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ साली पॅसिफिकमध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ओळीने मापनकेंद्रं लावून दाखवलं. अंटार्क्टिकाकडच्या वादळांच्या लाटा थेट अलास्कात मोजल्या गेल्या, आणि वादळापासून दूर गेल्यावर त्यांची शक्ती फारच थोडी घटते हेही कळलं. आज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था दक्षिणेच्या वादळांवर नजर ठेवून किनाऱ्याला आधीच इशारा देते. दिवसाला हजार किलोमीटर हा वेग आपल्या बाजूचा आहे, सावध व्हायला वेळ मिळतो. कोकणात किंवा बेटावर जाण्याआधी त्यांचा इशारा बघायची सवय लावा.

माझ्या मुलाने ऑलिम्पिकमधलं ताहितीचं सर्फिंग पाहिलं आणि आता त्याला तेच शिकायचंय. वय १९, विहिरीत उडी मारून पोहायला शिकलाय, गिरणेच्या पाटातही पोहतो. मला भीती वाटते. पाठवू का? (चाळीसगाव)

ताई, तुमची भीती रास्त आहे, आणि मुलाचं वेडही मला मोलाचं वाटतं. दोन्ही सांभाळून सांगतो.

त्याने पाहिली ती तेआहुपोओची लाट. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग तिथे झालं, आणि पुरुषांचं सुवर्ण ताहितीच्याच कौली वास्तने जिंकलं. तिथे रीफच्या कडेपासून तळ झपाट्याने शेकडो मीटर खोल जातो. स्वेलला हळूहळू मंदावायला जागाच मिळत नाही, तो खोल पाण्यातून थेट उथळ रीफवर येऊन कोसळतो. ती लाट जन्मभर पाण्यात राहिलेल्यांची आहे. मुलाला हे स्पष्ट सांगा.

विहिरीत पोहणारा पोर दमदार असतो, पण विहिरीचं पाणी जागेवर असतं. पाटाचं पाणी ओढतं, पण एकाच दिशेने, आणि काठ हाताशी असतो. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं, त्याला रिप करंट म्हणतात. तिथे लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, दम संपतो. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडायचं. बोर्ड सोडायचा नाही, पायाला बांधलेली दोरी त्यासाठीच असते. पडताना डोकं खाली घालून सूर मारायचा नाही. विहिरीची ही सवय मोडायला त्याला सगळ्यांत जड जाईल, म्हणून आजपासून बजावत राहा.

शिकायला बेटावर जायची गरज नाही. कर्नाटकात उडुपी आणि मंगळुरूच्या मध्ये मुल्की आहे, शांभवी नदीच्या मुखाजवळ. वाळूचा तळ, सर्फिंगच्या शाळा, बऱ्याच वर्षांचे जुने शिक्षक. पावसाळ्यात पाठवू नका. दिवाळीनंतर पाठवा, तेव्हा लाटा लहान आणि पाणी निवळ असतं. मंगला एक्स्प्रेस जळगाव, भुसावळहून थेट त्या किनाऱ्याला जाते, आणि गंमत म्हणजे तिचं पूर्ण नाव मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस आहे. पहिले दोन दिवस त्याला बोर्डवर उभं राहता येणार नाही, खांदे भरून येतील, नाकातोंडात खारं पाणी जाईल. तिसऱ्या दिवशी तो तुम्हाला फोन करेल. तेव्हा लाट केवढी होती हे विचारू नका, किती सेकंदांची होती ते विचारा. त्याला उत्तर देता आलं, तर पुढच्या वर्षी बेटाचं बोला.