वाचकांचे प्रश्न : मोरीपाशी दबणारा रस्ता

प्रश्न : रायबंदरहून रोज स्कूटरने पणजीत येते. जुन्या बांधावरच्या रस्त्याला डांबर घातले, तरी मोरीच्या (रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या छोट्या पुलाच्या) तोंडाशी तो पुन्हा दबतो आणि गाडी उसळते. काम निकृष्ट समजायचे का?
– एक वाचक, रायबंदर

उत्तर : आधी दबलेली जागा नीट बघा. खडी सुटी होऊन वर आली असेल, डांबराचे पापुद्रे निघत असतील, खड्ड्याच्या कडा तुटक्या असतील तर दोष वरच्या कामाचा. पण डांबर अखंड आणि नुसता खोलगटपणा असेल, तर दोष खालच्या चिखलाचा.

पणजीतल्या पाटोपासून रायबंदरपर्यंतचा हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्हारेस याच्या काळात, 1633-34 च्या सुमारास, दलदलीवर उभा राहिला. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरे आणि खारफुटी. असला खाडीचा गाळ वजनाखाली पाणी सोडत वर्षानुवर्षे बसत जातो. मोरीचे बांधकाम मात्र त्या मानाने घट्ट पायावर असते, ते फारसे बसत नाही. शेजारचा भराव खाली, मोरी जागच्या जागी. उसळी बसते ती त्या सांध्यावर.

आता खरी गोम. खोलगट जागा भरायला पाच सेंटिमीटर डांबर वाढवले की दर चौरस मीटरला साधारण 115 किलो भार वाढतो. तो गाळाला आणखी दाबतो, पुढच्या खेपेला आणखी डांबर लागते. म्हणून आधी जुना थर मिलिंग मशीनने खरवडून मगच नवा घालायला हवा. मोरीला लागून काँक्रीटची अ‍ॅप्रोच स्लॅब, म्हणजे मोरी आणि भराव यांना जोडणारी लादी, टाकली तर उतार एकदम न पडता हळूहळू येतो. नुसत्या डांबराने हे दुखणे बरे होणार नाही, कंत्राटदार कितीही बदला.

बांधाच्या कडेला समांतर लांब भेग दिसली तर मात्र सार्वजनिक बांधकाम खात्याला लगेच कळवा. कड पाण्याकडे सरकत असल्याची ती खूण असू शकते. तक्रारीत जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक आणि भेगेची लांबी द्या, फोटोत मापाला चप्पल ठेवली तरी चालेल.

पावसात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला दोन्हीकडची पातळी चढलेली असते, रस्त्यावरचे पाणी लवकर ओसरत नाही. तेव्हा कडेने जाऊ नका. ब्रेक मोरीच्या आधी सरळ रेषेत दाबा, उसळीवर नको.

प्रश्न : म्हापशाहून मेरशीला स्कूटरने जाताना अटल सेतू घेतला तर चालेल?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. 2019 साली सुरू झालेल्या या पुलावर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. पर्वरीहून खालच्या जुन्या पुलावरूनच पणजीत उतरा, तिथून मेरशीकडे वळा. पर्वरीत उड्डाणमार्गाच्या कामामुळे वळणे बदलत राहतात, तेवढे पाटीवर लक्ष ठेवा.